प्रश्न गावाचा, उत्तर केंद्राचे

जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तने 1932 मध्येच म्हटले होते की रेडिओने नुसते बोलू नये, श्रोत्यालाही बोलते करावे. आता व्हॉट्सॲपवर आलेला श्रोत्याचा आवाज निवेदक लगेच ऐकवतो, म्हणून ब्रेख्तचे म्हणणे खरे झाले असे पुष्कळांना वाटते. मला वाटत नाही.

आपल्याकडे श्रोत्यांचा सहभाग म्हटला की फर्माईश आठवते. रेडिओ सिलोनवर 1952 मध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि निवेदक अमीन सयानींकडे पत्रांचे गठ्ठे येऊ लागले. झुमरी तलैया हे गाव तर फर्माईशींमुळेच देशाला माहीत झाले. पुढे पोस्टकार्डाची जागा फोनने घेतली, फोनची व्हॉट्सॲपने. आपले नाव रेडिओवर ऐकण्यातला आनंद खराच. पण गाणे लागले की संवाद तिथेच संपतो.

दुसरी वाट पुण्याहून निघाली होती. कॅनडात 1941 पासून शेतकरी एकत्र बसून रेडिओ ऐकत आणि चर्चा करत. तोच धागा धरून आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळे उभी केली. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, असे एकूण 20 कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की मंडळी त्यावर बोलत. चर्चेचा वृत्तान्त आणि शंका केंद्राकडे जात, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी हा प्रयोग तपासला. मंडळांच्या गावांत शेतीची माहिती लक्षणीय वाढली होती. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे फारसा फरक पडला नव्हता. रेडिओच्या भवितव्याबद्दल इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही.

1959 पासून ही योजना देशभर नेली गेली, पण ती टिकली नाही. पुढे गावाला स्वतःचे केंद्र काढण्याची वाट मात्र खुली झाली: 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली, 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे दार उघडले, आणि दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, 2008 मध्ये ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले.

पण म्हणून आकाशवाणीचे काम संपत नाही. तिने आता मंडळांची ती पद्धत पुन्हा हाती घ्यावी. साधन प्रत्येकाच्या खिशात आहेच. गावाचा प्रश्न नोंदवून घ्यावा आणि पुढच्या कार्यक्रमात त्याचे उत्तर द्यावे, एवढे पुरे आहे.