बेसबॉलसाठी मैदान

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळला. करंडक आला तो २०१७-१८ मध्ये. सॉफ्टबॉलचा भारतीय महासंघ १९६१ चा, बेसबॉलचा १९८३ चा, म्हणजे जवळपास आपल्याच वयाचा. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर ६० फूट, बेसबॉलमध्ये ९०. त्यामुळे मैदान मोठे लागते आणि आपल्या नागपुरात मोकळी जागा कमी होत चालली आहे. २००८ नंतर ऑलिम्पिकमधून वगळलेले हे दोन्ही खेळ टोकियोत परतले, पॅरिसमध्ये नव्हते, २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा असतील. नव्या हंगामाच्या सरावाला उतरणाऱ्या मुलामुलींसाठी आपण माजी विद्यार्थ्यांनी एक करावे: शाळेचे मैदान मोकळे राहील हे पाहावे. क्रिकेटने साठ वर्षे वाट पाहिली. पण तेव्हा खेळायला जागा तरी होती.