वखारीतली गोष्ट आणि उतारावरचा इतिहास

पोर्तुगालच्या मादेरा बेटावर उतरलेला पर्यटक वाइन बघायची म्हणून बहुधा फुंशाल शहरातल्या एखाद्या जुन्या वखारीत जातो. लाकडी माळे, त्यांवर ओळीने मांडलेली पिंपं आणि शेवटी चार छोटे पेले: कोरडी सेर्सियाल, मग वेर्देल्यो, बोआल आणि सर्वांत गोड माल्वाझिया. इथे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. उष्ण प्रदेशांतून फिरून आलेलं एक पिंप न विकता परत आलं, उघडून पाहिलं तर आतली वाइन नासण्याऐवजी सुधारलेली निघाली, आणि उष्णतेचं गुपित बेटाला कळलं. गोष्ट सुरेख आहे. पण तिलाच इतिहास मानलं, तर या वाइनमागची माणसं दिसेनाशी होतात. मादेराची वाइन समुद्राच्या कृपेने झालेला अपघात नव्हे. व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्यातल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या घासाघिशीतून आणि त्याहून कितीतरी जुन्या अशा डोंगरउतारावरच्या कष्टांतून ती घडली आहे. म्हणून तिथे जाणाऱ्याने वखारीवर थांबू नये, उतारावर जावं, असं मला आग्रहाने म्हणायचं आहे.

पहिला पुरावा आपल्या ओळखीच्या माणसाचा आहे. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ साली सुरतेला निघाला, तेव्हा वाटेत मादेराला थांबला. त्याचं प्रवासवर्णन १६९६ साली छापलं गेलं. मुंबईत गोऱ्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, ही तिथली म्हण त्याने नोंदवली म्हणून मुंबईचा इतिहास वाचणाऱ्यांना तो माहीत असतो. त्याच पुस्तकात तो सांगतो, की मादेराची वाइन बूच काढून उन्हात ठेवली तर सुधारते. म्हणजे सतरावं शतक संपण्याआधीच उन्हाचा हा गुण बेटावर माहीत होता. तरी पिंपं गरम करण्यासाठी खास कोठ्या बांधल्या गेल्या त्या १७९० च्या दशकात. मधला काळ गेला तो गिऱ्हाइकाला नेमकं काय हवं आहे हे उमगण्यात. डेव्हिड हॅनकॉक या इतिहासकाराने ‘ओशन्स ऑफ वाइन’ (२००९) या ग्रंथात फुंशालच्या व्यापाऱ्यांचा पत्रव्यवहार तपासून हेच दाखवलं आहे. कुणाला रंग फिका हवा, कुणाला गडद. कुणी ब्रँडी जास्त घालायला सांगतो, कुणी प्रवासात मुरलेलाच माल मागतो. पत्रामागून पत्र जात राहिलं आणि अठराव्या शतकाच्या आरंभी साधी, स्वस्त असलेली वाइन शतकाअखेरीस श्रीमंतांच्या मेजावर जाऊन बसली.

यावर कुणी म्हणेल, की पिंपं खरोखरच जहाजांतून फिरवून आणली जात होती. मग गोष्टीत खोटं काय? फेरी खरीच आहे. हिंदुस्थानापर्यंत जाऊन परतलेल्या अशा वाइनला पोर्तुगीजमध्ये ‘विन्यो द रोदा’, म्हणजे फेरीची वाइन, असं नाव होतं आणि तिला जास्त दाम मिळत असे. पण जाणूनबुजून, भाडं भरून पिंप पाठवणं हा हिशेबाने केलेला धंदा झाला, त्याला अपघात म्हणता येत नाही. आणि जहाजं तरी मादेरालाच का थांबत? वारे आणि प्रवाह त्यांना तिकडे नेत, हे एक कारण. राजकारण हे दुसरं. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार १६६१ साली झाला, त्यातच मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. पुढे १६६३ च्या इंग्रजी कायद्याने युरोपचा माल इंग्लंडमार्गेच वसाहतींत न्यायचं बंधन घातलं, मात्र मादेराच्या वाइनला त्यातून सूट दिली. फुंशालहून थेट अमेरिकेला माल नेण्याची मुभा मिळाली आणि बेटाचं नशीब फिरलं. १७६८ साली बॉस्टनमध्ये जॉन हॅनकॉक या व्यापाऱ्याचं ‘लिबर्टी’ जहाज जप्त झालं आणि दंगल उसळली, तेव्हा वादाचं मूळही त्यातून आलेली मादेराची वाइनच होती. गोव्याशी असलेला धागा तर त्याहून जुना: १५३० च्या दशकात गोव्याचं धर्मपीठ स्थापन झालं, तेव्हा ते फुंशालच्या आर्चबिशपच्या कक्षेत होतं.

पण व्यापारी कितीही चतुर असला, तरी ज्या वाइनमध्ये मुळात आंबटपणा नाही ती उष्णतेत तग धरत नाही. मादेराच्या ज्वालामुखी मातीत आणि दमट समुद्री हवेत द्राक्षांचा आंबटपणा टिकून राहतो. आज पुष्कळशी वाइन टाक्यांत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवली जाते, तरी ती मरगळत नाही, ती याचमुळे. ही द्राक्षं पिकवणं मात्र सोपं कधीच नव्हतं. पोर्तुगीज १४१९ साली इथे पोहोचले, तेव्हा बेटावर दाट रान होतं आणि सपाट जमीन जवळपास नव्हती. १४५५ साली आलेल्या कादामोस्तो या व्हेनिसच्या प्रवाशाने क्रीटहून आणलेल्या माल्वाझियाच्या वेलींची नोंद केली आहे. आधी उसासाठी आणि मग वेलींसाठी उतारावर दगडी बांध रचून अरुंद पायऱ्या केल्या गेल्या आणि पावसाळी उत्तरेकडचं पाणी कोरड्या दक्षिणेकडे नेणारे ‘लेवादा’ नावाचे पाट कड्यांच्या पोटातून खोदले गेले. त्या खोदाईत आफ्रिकेतून आणि कॅनरी बेटांवरून धरून आणलेल्या गुलामांचेही श्रम आहेत. वेली ठेंगण्या मांडवावर चढवतात. खाली बटाटा, कोबी होतो आणि तोडणीला माणूस वाकूनच आत शिरतो. तुडवलेल्या द्राक्षांचा रस रस्ते होईपर्यंत बकऱ्याच्या अख्ख्या कातड्यांत भरून, खांद्यावर घेऊन, डोंगरवाटांनी फुंशालला उतरवला जाई. हे वाहणारे हमाल ‘बोराशेइरो’ म्हणून ओळखले जात.

आणि हे कष्ट करणाऱ्याची जमीन नव्हती. ‘कोलोनिया’ नावाच्या पद्धतीत जमीन मालकाची, पण तिच्यावर रचलेले बांध, बांधलेलं घर आणि लावलेल्या वेली कुळाच्या. पिकाची वाटणी बहुधा अर्धेलीने. कुळाला काढायचं तर मालकाने या सगळ्याची किंमत मोजायची. त्यामुळे कूळ सहसा हलत नसे, पण मोकळंही होत नसे. कोकणातल्या वाचकाला यातली कोंडी वेगळी समजावून सांगायला नको. मादेरात ही पद्धत कायद्याने संपली १९७७ साली, म्हणजे मुंबई राज्यात कूळकायद्याचा कृषक दिन उजाडल्यानंतर वीस वर्षांनी. आज तिथले मळे इतके बारीक तुकड्यांत विखुरलेले का, याच्या उत्तराचा मोठा भाग या इतिहासात आहे.

संकटं आली तेव्हा कुणाचं काय झालं, तेही बघावं. १८५२ च्या सुमारास वेलींवर भुरी आली आणि उत्पादन कोसळलं. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला भुरीचा अर्थ ठाऊक आहे. गंधकाचा उपाय रुळण्याआधी तिने मळेच्या मळे संपवले. अनेक इंग्रज व्यापारी बेट सोडून गेले. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि हिंदुस्थानची वाट मादेरापासून दूर गेली. १८७२ साली मुळं खाणारा फायलोक्सेरा हा किडा आला. व्यापाऱ्याला दुसरं बंदर होतं. कुळाला होती ती दक्षिण अमेरिकेतल्या डेमेरारातल्या ऊसमळ्यांची वाट. मादेराची माणसं तिथे १८३५ पासूनच जात होती, १८३८ पासून हिंदुस्थानी गिरमिटियांशेजारी राबत होती. मळे बुडाल्यावर हा ओघ चालूच राहिला. मागे उरलेल्यांनी अमेरिकन खुंटांवर कलमं बांधली, पायऱ्या पुन्हा भरल्या. काही व्यापारीही झगडले: टॉमस स्लॅप लीकॉकने आपल्या वेलींच्या मुळांवर औषधं लावत त्या वाचवायची शिकस्त केली. त्याला त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. पर्यटक चार दिवस आनंदासाठी येतो, त्याच्यापुढे कुळांचा इतिहास कशाला मांडायचा? शिवाय उतारावरचे मळे खासगी, निमुळते, निसरडे. वखारी मात्र माणसांना रोजगार देतात आणि जुनी वाइन जपतात. हे सारं खरं आहे, आणि वखारी टिकाव्यात असंच मला वाटतं. पण उतार बघणं अशक्यही नाही. सप्टेंबरच्या तोडणीत कामारा द लोबुशच्या वरच्या बाजूला एश्त्रेइतु गावाच्या रस्त्यांवरून चाललं, तरी मांडव हाताला लागतात. लेवादांच्या काठच्या पायवाटांवरून चालता येतं. कड्याखालच्या फाजां दुश पाद्रेशला, जिथे एकेकाळी जेझुइटांची माल्वाझिया पिकत होती, पाळण्याने उतरता येतं. आणि याची गरज आहे, कारण बहुतेक कंपन्यांकडे स्वतःच्या वेली थोड्याच. त्या शेकडो छोट्या शेतकऱ्यांकडून द्राक्ष विकत घेतात. साऱ्या बेटावर वेलींखाली उरली आहे ती चार-पाचशे हेक्टरच्या आसपास जमीन. दक्षिण उतारावर याच पायऱ्यांसाठी केळी आणि नवी घरं टपलेली आहेत, आणि पुढच्या हंगामात मांडव ठेवायचा की मोडायचा, हे शेतकरी किलोमागे हाती पडणाऱ्या दरावर ठरवतो.