दापोडीची बाग आणि लॅटिनने घेतलेली ग्रीक विशेषणे

१/६ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दापोडीत मुंबई सरकारचे वनस्पती-उद्यान होते. अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या कारकिर्दीत, १८४७ ते १८५० या काळात, एका भारतीय चित्रकाराने तेथील वनस्पतींची चित्रे रेखाटली. वनस्पतींची शास्त्रीय नावे लॅटिन असतात. त्यांतील अनेक विशेषणे मात्र मूळची ग्रीक.

२/६ ‘हेटेरोस’ म्हणजे भिन्न, ‘फिलॉन’ म्हणजे पान. ग्रीकमध्ये अशा सामासिक विशेषणांचे पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप सहसा एकच असे. नपुंसकलिंगी तेवढे वेगळे.

३/६ लॅटिनने ही विशेषणे घेतली आणि आपल्या रीतीने तिन्ही लिंगांत चालवली.
फणस : आर्टोकार्पस हेटेरोफिलस (पु.)
बागेतला ‘ख्रिसमस ट्री’ : अरौकारिया हेटेरोफिला (स्त्री.)
एक पाणवनस्पती : मिरिओफिलम हेटेरोफिलम (नपुं.)

४/६ म्हणूनच एखादी वनस्पती भिन्न लिंगाच्या प्रजातीत हलवली, तर असे विशेषणही आपला प्रत्यय बदलते.

५/६ मराठीची रीत नेमकी उलट. ‘चांगला, चांगली, चांगले’ हे लिंगानुसार बदलते; पण संस्कृतातून आलेले ‘सुंदर’ बदलत नाही. संस्कृतात ‘सुंदरी’ असले, तरी आपण ‘सुंदर वेल’च म्हणतो. पाहुण्या शब्दाला लॅटिनने आपला पोशाख चढवला. मराठीने त्याचा एकच पोशाख ठेवला.

६/६ दापोडीची ती चित्रे आज एडिंबर्गच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. रोपाच्या नावातील शेवटचा प्रत्ययही शास्त्राने जपला. चित्रकाराचे नाव मात्र आज ठाऊक नाही.