थ्रेड : पद्मिनीच्या दारातील झीज

रत्नागिरीसारख्या गावात अजूनही एखाद्या जुन्या घराच्या मांडवात, ताडपत्रीखाली, प्रीमियर पद्मिनी उभी आढळते. पाहायला येणारा पहिला प्रश्न इंजिनाविषयी विचारतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र आधी दारापाशी जावे आणि काचेचे हँडल फिरवावे. इंजिने बदलली जातात, रंग पुन्हा दिला जातो. दाराच्या पत्र्याआडची विंडो मशीन सहसा कोणी उघडत नाही, म्हणून वापराचा पुरावा तेथे टिकतो.

थोडी पार्श्वभूमी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे राहणे अवघड झाले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी काढता पाय घेतला. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. इटलीत हे रूप १९६६ मध्येच मागे पडले होते. आपल्याकडे ते विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालले.

याचा दाराशी संबंध काय? नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा, आयातीवर निर्बंध, आणि आराखडा जवळजवळ तोच. परिणामी मोडीत निघालेल्या एका गाडीची मशीन दुसरीच्या दारात सहज जाऊन बसे. म्हणूनच एखाद्या गाडीच्या चार दारांत चार निरनिराळ्या वर्षांचे भाग सापडू शकतात. झीज ओळखता आली, तर मूळचा भाग कोणता आणि उसना कोणता, याचा अंदाज बांधता येतो.

त्या काळच्या हाताने फिरवायच्या काचांची रचना साधी होती. हँडलच्या दांड्यावरील लहान दातेरी चक्री एका मोठ्या दातेरी कमानीला फिरवते आणि कमानीला जोडलेला हात काच उचलतो. काही गाड्यांत कमानीऐवजी तारेची दोरी असते. दांड्याभोवती गुंडाळीची एक स्प्रिंगही असते. हँडल फिरवले की ती सैल पडते, काचेच्या वजनाने उलट ओढ बसली की आवळते. काच अर्ध्यावर थांबून राहते ती या स्प्रिंगमुळे.

आता परीक्षा. काच अर्ध्यावर ठेवून वरच्या कडेवर तळहाताने हलके दाबावे. काच उतरताना हँडलही आपोआप फिरले, तर स्प्रिंगची पकड गेली आहे. हँडल स्थिर राहून काच उतरली, तर दाते झिजले आहेत किंवा काच खालच्या पट्टीतून सुटली आहे. फिरवताना प्रत्येक फेऱ्याला तीच खटखट ऐकू आली, तर दोष लहान चक्रीत. संपूर्ण चढ-उतारात एकाच उंचीवर अडखळ जाणवली, तर मोठ्या कमानीचा एखादा दाता गेला आहे. ही अडखळ बरेचदा काच पूर्ण बंद होण्याच्या जरा आधी येते, कारण शेवटचा फेरा सगळेच जोर लावून आवळतात. हँडल हलते पण दांडा हलत नाही, असे असेल तर मशीन निर्दोष आहे. झिजले आहे ते हँडलचे भोक. तेवढ्यासाठी संपूर्ण मशीन फेकून दिलेली पाहिली की हळहळ वाटते.

काच जड जाते, ही सर्वात फसवी तक्रार. तिचे मूळ बहुधा मशीनमध्ये नसतेच. काचेच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतील फेल्ट कडक होते, ग्रीस वाळते, आणि मग माणूस हँडलवर जोर करतो. दाते त्यानंतर झिजतात. क्रम लक्षात न घेता नवी मशीन बसवली, तर तीही त्याच वाटेने जाते.

कोकणात आणखी एक साक्षीदार आहे : पाणी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवेत खार असतो. काचेवरून दारात उतरलेले पाणी तळाच्या छिद्रांतून बाहेर जावे, अशी योजना असते. तांबडी माती आणि पाला यांनी ती छिद्रे बुजली, की काच धरणारी पट्टी खालून गंजू लागते. काच पुढे किंवा मागे कलून चढत असेल, तर या पट्टीकडे आणि बाजूच्या खाचांकडे आधी पाहावे. दाराच्या तळाशी साचलेली ही तांबडी माती गाडी कोठे राहिली हे सांगते. नोंदणीच्या कागदावर तेवढे मिळेलच असे नाही.

मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. आता उरल्या त्या खाजगी गाड्या, आणि त्यांच्यापुढे विजेवर चालणाऱ्या काचांचा मोह उभा आहे. सोय कळते, पण त्या जोडणीसाठी जुनी मशीन काढून भंगारात दिली जाते, ते खटकते. काढायचीच असेल, तर आधी दाराचे आतील पॅड उतरवून आहे त्या स्थितीत छायाचित्र घ्यावे, कोणत्या दारातील ते लिहून मशीन तेलकट कापडात गुंडाळावी आणि डिकीत ठेवून द्यावी.