लोकजैवविविधता नोंदवही (बीड जिल्हा)

जैवविविधता अधिनियम, 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, परिसरातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान लोकांशी विचारविनिमय करून नोंदविणारी ही नोंदवही तयार करणे, हे समितीचे प्रमुख कार्य होय. बीड जिल्ह्यात बालाघाट डोंगररांगेतील माळराने, गोदाकाठ व पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य यांमुळे या नोंदवहीचे महत्त्व विशेष आहे. 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार 20,000 चौ. मी. वा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या बांधकाम प्रकल्पास पर्यावरणीय पूर्वपरवानगी आवश्यक असली, तरी त्याहून लहान बांधकामांपूर्वी जागेवरील जीवसृष्टी जाणून घेण्यासाठी अद्ययावत नोंदवही हा मोलाचा स्थानिक आधार ठरतो.