क्लोनकरीच्या माहिती केंद्रात

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात, टाउन्सविल बंदरापासून पश्चिमेस साडेसातशे किलोमीटरांहून अधिक आत गेले की क्लोनकरी हे गाव लागते. तांबडी माती, विरळ झुडपे आणि क्षितिजापर्यंत सरळ गेलेला रस्ता अशा त्या प्रदेशाला तेथील लोक ‘आउटबॅक’ म्हणतात. गावाची वस्ती जेमतेम तीन हजारांची. गावकरी त्याला लाडाने नुसते ‘करी’ म्हणतात, हे ऐकून मला हसू आवरले नाही; पण आपल्या रश्श्याशी या नावाचा काडीमात्र संबंध नाही. रॉबर्ट ओहारा बर्क या आयरिश संशोधकाने १८६१ साली येथील नदीला आपल्या नात्यातील लेडी एलिझाबेथ क्लोनकरी यांचे नाव दिले, ते पुढे गावाला चिकटले. हा मुलूख त्याआधी शेकडो पिढ्या मिटाकूडी लोकांचा होता.

टाउन्सविलला नोकरीस असलेल्या भाच्यासोबत मी तेथे गेलो. ऑस्ट्रेलियात लहानशा गावातही निळ्या पाटीवर पिवळे इंग्रजी ‘आय’ हे अक्षर दिसले की तेथे प्रवाशांसाठी माहिती केंद्र आहे असे समजावे. क्लोनकरीचे केंद्र आणि त्याला जोडलेले संग्रहालय मेरी कॅथलीन उद्यानात आहे. या नावामागेही एक कथा आहे. मेरी कॅथलीन हे जवळच्या युरेनियमच्या खाणीसाठी वसवलेले गाव. १९८२ साली खाण कायमची बंद पडली, घरांचा लिलाव झाला आणि आख्खे गाव नकाशावरून उठले. तेथल्या काही इमारती उचलून येथे आणल्या आहेत. उठून गेलेल्या गावाच्या घरात बसून दुसऱ्या गावाची माहिती घ्यायची, असा तो योग.

आत खनिजांचे सुंदर नमुने आहेत. अर्नेस्ट हेन्री यांना १८६७ साली येथे तांबे सापडले, त्यावरच हे गाव उभे राहिले. परंतु मी थबकलो तो एका पाण्याच्या बाटलीपाशी. ती बर्क यांची म्हणून जपलेली आहे. ऑगस्ट १८६० मध्ये मेलबर्नहून निघालेली त्यांची मोहीम हा खंड दक्षिणोत्तर ओलांडण्यासाठी होती. उत्तरेच्या आखाताजवळ पोहोचून परतताना बर्क आणि त्यांचे सहकारी विल्स हे कूपर खाडीपाशी उपासमारीने मरण पावले. आखातापर्यंत गेलेल्या चौघांपैकी जिवंत परतला तो एकटा जॉन किंग, आणि हा किंग हिंदुस्थानात गोऱ्या पलटणीत शिपाई होता.

या मोहिमेचे ओझे वाहिले ते उंटांनी. जॉर्ज लँडेल्स यांनी हिंदुस्थानात चोवीस उंट खरेदी केले आणि ते कराचीहून जहाजाने मेलबर्नला आणले. विल्स यांच्या रोजनिशीत या उंटांची नावे आढळतात : राजा, लांडा, गोला सिंग. ती आपल्या कानाला किती ओळखीची वाटतात! यांतला गोला सिंग क्लोनकरीच्या उत्तरेस एका ओढ्यात उतरला, त्याला वर चढवेना, म्हणून तेथेच सोडला. परतीच्या वाटेवर तो पुन्हा भेटला, पण इतका खंगलेला की खोगीर उतरवूनही चालेना. त्याला दुसऱ्यांदा सोडावे लागले.

उंटांसोबत माणसेही आली होती. आपल्या जुन्या दप्तरांत त्यांना ‘सारवान’ म्हटलेले आढळेल. त्यांपैकी दोस्त महंमद कूपर खाडीच्या तळावर महिनोन्‌महिने वाट पाहत राहिला. पुढे एका उंटाच्या हल्ल्यात त्याचा हात निकामी झाला. त्याची कबर मेनिंडीजवळ आहे. सामला हा हिंदू होता. मोहिमेचा शिधा त्याच्या धर्माला चालेना, तेव्हा निघाल्यावर काही दिवसांतच त्याने रजा मागितली. मोठ्या इतिहासात या प्रसंगाला एखादी ओळ मिळते. मला मात्र ती बाटलीइतकीच महत्त्वाची वाटते.

यानंतर दोन पिढ्या असे सारवान ऑस्ट्रेलियात येत राहिले. क्लोनकरी हे त्यांचे मोठे ठाणे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आगगाडी येईपर्यंत, आणि आडबाजूच्या खाणींसाठी त्यानंतरही, पीठ, साखर, अवजारे, लोकर सारे उंटांच्या पाठीवरून जाई. हे लोक पेशावर, बलुचिस्तान, सिंध, पंजाब येथले. कित्येक तर ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रजाजन. तरी सर्वांना एकच नाव मिळाले : ‘अफगाण’. त्याचाच तुकडा ‘घान’ पुढे एका प्रसिद्ध रेल्वेगाडीला लाभला. माणसांच्या वाट्याला मात्र १९०१ चा प्रवेशबंदीचा कायदा आला, आणि १९०३ च्या कायद्याने आशियात जन्मलेल्यांना नागरिकत्वाचे दार बंद झाले. मोटारी आल्यावर उंटांची गरज सरली. १९२५ साली साउथ ऑस्ट्रेलियात मोकाट उंट मारण्याचा कायदाही झाला. अनेक सारवानांनी मात्र आपली जनावरे मारण्यापेक्षा रानात सोडून देणे पत्करले.

आपल्या इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याकडे आपल्या आजोबा-पणजोबांना शेजारी सरसकट ‘दक्षिणी’ म्हणत. त्यात कोकणातला कोण, देशावरचा कोण, हे कुणी विचारीत नसे. शब्दात द्वेष नव्हता. पण आपल्याला दरबार होता, सनदा होत्या, मोडीतले कागद होते. घरोघरच्या वंशावळी त्यातूनच जुळवता आल्या. सारवानाच्या खोगिरात असे कागद कोठून असणार?

केंद्रातील वृद्ध बाईंनी मोठ्या अगत्याने एक नकाशा पुढे केला आणि दफनभूमीतील अफगाणांच्या जागेवर पेनाने फुली केली. मग नोंदवहीत कोठून आलात ते लिहा म्हणाल्या. मी ‘इंदूर, हिंदुस्थान’ असे लिहिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि मला शेजारच्या कोऱ्या कागदावर इंदूर कोठे आहे ते काढून दाखवायला सांगितले. मी नर्मदा काढली, तिच्या वर एक ठिपका दिला. तेवढ्यात भाच्याने गाडीचा कर्णा वाजवला. उन्हे उतरण्यापूर्वी आम्हाला दफनभूमी गाठायची होती.