तळटीप १२ : होमस्टेडचा दावा

१२. होमस्टेडचा दावा : अमेरिकेच्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला किंवा २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे. पाच वर्षे तिथे राहून ती कसायची, ही अट. विधवा आणि अविवाहित स्त्रियाही दावा करू शकत. त्यामुळे एरवी कागदोपत्री न सापडणारी पणजी इथे स्वतःच्या नावाने भेटते.

घराण्याचा माग काढणारे सहसा जनगणनेपासून सुरुवात करतात. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव नोंदले गेले; कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते मात्र १८८० पासून. १८९० ची बहुतेक पाने १९२१ च्या वॉशिंग्टनमधील आगीमुळे गेली. त्यामुळे १८८० नंतरची वीस वर्षे कोरी राहतात, आणि मुले मोठी होऊन पांगली ती नेमकी याच वीस वर्षांत. ही पोकळी भरून काढायला राष्ट्रीय अभिलेखागारातली जमिनीची फाईल उपयोगी पडते. मालकी पक्की करताना दावेदार आणि दोन साक्षीदार जबाब देत : घर केवढे, दारे-खिडक्या किती, विहीर खणली का, किती एकर नांगरले, कोणते पीक घेतले. दावेदार परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदही सोबत जोडलेले असतात. साक्षीदार बहुधा शेजारीच, कधी सोयरेही. म्हणून त्यांची नावेही टिपून ठेवावीत.

या फायलींत एक गोष्ट नसते. ही जमीन ओसाड नव्हती. ती मूळ रहिवासी जमातींकडून तह करून किंवा बळाने घेतलेली होती. पूर्वजांचा शोध तिथपर्यंत नेल्याशिवाय पुरा होत नाही. — संपा.